एका चौकटीवरून

सेकंदाला चोवीस या हिशेबाने दीड तासाच्या चित्रपटात १,२९,६०० चौकटी असतात. त्यांतली एक उचलायची, नाव-साल काही न सांगता चार दर्दी माणसांसमोर ठेवायची आणि म्हणायचं, 'ओळखा.' खेळ एवढाच आहे. पुढच्या पानांवर अशाच चौकटी छापल्या आहेत. ज्यांना 'कल्ट' म्हटलं जातं, म्हणजे ज्यांच्या वाट्याला गर्दी कमी आणि भक्त जास्त आले, अशा चित्रपटांतल्या त्या आहेत.

चौकट निवडणाऱ्यावर एक बंधन असतं. 'झपाटलेला'तला तात्या विंचू दाखवला तर घरातलं शेंबडं पोरही नाव सांगेल. त्यात कोणाचीच परीक्षा नाही. उलट नुसती काळी भिंत दाखवली तर तो खेळ नव्हे, छळ. खरा रंग भरतो तो एखादी रिकामी खोली, जिन्याचा कठडा, टेबलावरची अर्धी बाटली समोर आली की. पाहिलेल्यालाही नाव चटकन आठवत नाही आणि न पाहिलेल्यालाही तर्काने जवळपास पोहोचता येतं. म्हणून मी या खेळाला स्मरणशक्तीचा खेळ मानत नाही. तो वाचनाचा खेळ आहे. चौकट वाचता येते, आणि एकापेक्षा चौघांना ती जास्त चांगली वाचता येते. या प्रस्तावनेत मला एवढंच सांगायचं आहे. बाकीचा मजकूर त्याचा पुरावा.

आधी कल्ट चित्रपटांबद्दल. हे चित्रपट अनोळखी का राहिले, याची कारणं कलेपेक्षा व्यवहारात जास्त सापडतात. डिसेंबर १९७०मध्ये न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरचे चालक बेन बॅरनहोल्त्झ यांनी अलेहांद्रो होदोरोव्स्कीचा 'एल तोपो' मध्यरात्री दाखवायला सुरुवात केली. काळ्या कपड्यांतला घोडेस्वार, मागे बसलेला नागडा मुलगा, वाळवंट, रक्त आणि गूढवाद असा तो मामला. फारशी जाहिरात न करता, तोंडोतोंडी झालेल्या बोभाट्यावर तो जवळजवळ सहा महिने चालला. मध्यरात्रीच्या खेळांची रीत तिथून रुजली. पुढे 'पिंक फ्लेमिंगोज', 'रॉकी हॉरर पिक्चर शो' आणि डेव्हिड लिंचचा 'इरेझरहेड' यांना याच वाटेने आपले प्रेक्षक मिळाले. 'एल तोपो' जॉन लेननला इतका आवडला की त्याच्या शब्दाखातर त्याचे व्यवस्थापक अॅलन क्लाइन यांनी चित्रपटाचे हक्क विकत घेतले. मग क्लाइन आणि होदोरोव्स्की यांचं बिनसलं आणि चित्रपट कपाटात गेला. २००७मध्ये अधिकृत डीव्हीडी निघेपर्यंत कितीतरी चाहत्यांनी तो पाहिला तो कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेल्या फिकट प्रतींत.

जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ची (१९६८) गोष्ट याच्या नेमकी उलट. वितरकाने ऐनवेळी चित्रपटाचं नाव बदललं, नवी श्रेयनामावली घातली, आणि तिच्यात हक्क राखून ठेवल्याची ओळ घालायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार एवढ्यानेच चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. मग ज्याला वाटेल त्याने प्रती काढल्या. कोणी गडद, कोणी पांढरट, कोणी कडा कापलेल्या. म्हणजे एक चित्रपट मालकाच्या हट्टामुळे दिसेनासा झाला आणि दुसरा मालकच न उरल्यामुळे वाईट प्रतींतून जगभर पसरला. खेळणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच: चौकटीची अवस्था हीसुद्धा माहिती आहे. कॅसेटची आडवी थरथर, उडालेले रंग, तळाशी कापलेलं उपशीर्षक, हे सगळं तो चित्रपट कोणकोणत्या हातांतून आला ते सांगत असतं.

दुसरी गोष्ट स्थिरचित्राची. आपल्याकडे थिएटरच्या दर्शनी भागात काचेच्या कपाटात फोटो लावलेले असायचे. तिकीट काढण्याआधी ते बघून चित्रपट कसा असेल याचा अंदाज बांधायची सवय कैक पिढ्यांना होती. पण ते फोटो बहुतेक वेळा चित्रपटातल्या चौकटी नसत. सेटवर स्थिरछायाचित्रकार वेगळा असतो. तो चित्रपटाच्या कॅमेऱ्याशेजारी उभा राहून किंवा शॉट संपल्यावर नटांना पुन्हा उभं करून आपला फोटो घेतो. त्याचा कोन वेगळा, भिंग वेगळं. 'द सेव्हन इयर इच'मधली (१९५५) पांढरा झगा उडणारी मेरिलिन मन्रो साऱ्या जगाला ठाऊक आहे, पण ती पूर्णाकृती प्रतिमा जशी फोटोत दिसते तशी चित्रपटात कुठेच नाही. म्हणून या खेळातला पहिला कडक नियम असा की चित्र पडद्यावरचंच हवं. प्रसिद्धीचा फोटो चालत नाही.

या नियमाला एक अपवाद करावाच लागतो. टॉड ब्राउनिंगचा 'लंडन आफ्टर मिडनाइट' (१९२७) आज अस्तित्वात नाही. त्याची शेवटची ज्ञात प्रत साठच्या दशकात एमजीएमच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेली. उरले ते सेटवरचे फोटो: उंच टोपी, विस्फारलेले डोळे आणि करवतीसारखे दात दाखवत हसणारा लॉन चेनी. २००२मध्ये टीसीएम वाहिनीने त्या फोटोंची पटकथेनुसार मांडणी करून चित्रपटाची एक प्रतिकृती उभी केली. आज हा चित्रपट पाहिलेला प्रेक्षक मिळणं जवळपास अशक्य आहे, आणि त्यातलं एक चित्र दाखवलं तर भयपटांचा कोणताही चाहता झोपेतून उठून नाव सांगेल.

आता वाचनाकडे वळू. जाणकार माणूस चौकटीत चेहरा सगळ्यात शेवटी पाहतो. आधी पाहतो आकार. जवळजवळ चौकोनी चौकट असली तर काळ बहुधा पन्नाशीच्या आधीचा, नाहीतर १६ मिलिमीटरवर चित्रित केलेला काटकसरी चित्रपट. शिन्या त्सुकामोतोचा 'तेत्सुओ' (१९८९) त्यातला. कृष्णधवल, १६ मिलिमीटर, माणसाच्या मांसातून बाहेर येणारं लोखंड. लांबरुंद चौकट असून दाणे ठळक दिसत असतील तर डोक्यात इटली यावी. १९६० नंतर तिथे टेक्निस्कोप ही पद्धत आली. तिच्यात एका चौकटीसाठी फिल्मची चारऐवजी दोनच छिद्रं खर्ची पडत, म्हणजे निम्म्या फिल्मवर काम भागे. इटालियन वेस्टर्नवाल्यांना आणखी काय हवं होतं? लांबरुंद चौकटीत प्रकाशाचे ठिपके गोल न दिसता अंड्यासारखे उभट दिसले, किंवा दिव्यातून निळसर आडवी रेघ निघाली, तर ते अॅनामॉर्फिक भिंग. म्हणजे टेक्निस्कोप बाद.

मग रंग. ईस्टमनकलरच्या जुन्या प्रतींतला निळसर रंग आधी उडतो आणि सगळं चित्र गुलाबी-तांबडं पडतं. एखाद्या चौकटीत आकाशही गुलाबी, गवतही गुलाबी असेल तर दिग्दर्शकाला कवी ठरवायची घाई करू नये; ते प्रतीचं वय आहे. याउलट डारिओ अर्जेंतोच्या 'सुस्पिरिया'तला (१९७७) लाल रंग हेतुपुरस्सर आहे. छायालेखक लुचानो तोव्होली यांनी नटांच्या अंगावर रंगीत प्रकाशाचा मारा केला आणि प्रती टेक्निकलरच्या जुन्या, रंग छापण्याच्या पद्धतीने काढल्या. वयाचा लाल आणि हेतूचा लाल यांतला फरक एकदा डोळ्याला कळला की पुन्हा चुकत नाही.

चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात कधी एक छोटा गोल ठिपका दिसतो. तो डाग नव्हे. रीळ संपत आलं, दुसरं यंत्र सुरू करा, अशी ती प्रोजेक्शनिस्टला दिलेली खूण असते. दोन हजार फुटांचं रीळ साधारण वीस मिनिटांचं. तेव्हा हा ठिपका दिसला की प्रसंग रिळाच्या अगदी शेवटचा आहे हे नक्की, आणि चौकट थिएटरच्या प्रतीवरून घेतली आहे हेही नक्की.

त्यानंतर वस्तू. टेलिफोनच्या तबकड्या, विजेची बटणं, गाड्यांच्या नंबरपाट्या, रस्त्यावरच्या पाट्यांची लिपी. साठ-सत्तरच्या दशकांतल्या इटालियन रहस्यपटांत जे अँड बी व्हिस्कीची हिरवी बाटली इतक्यांदा दिसते की ती दिसताच चाहते एकमेकांना कोपर मारतात. कॅमेऱ्यात नुसते काळे हातमोजे दिसले तर ते हात बहुधा खुन्याचे; आणि अर्जेंतोच्या चित्रपटांत ते हात अनेकदा खुद्द अर्जेंतोचे असतात.

आणि शेवटी जागा. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये ब्रॉन्सन कॅन्यन नावाची जुनी दगडखाण आहे. तिच्या गुहेत 'रोबॉट मॉन्स्टर'चा (१९५३) गोरिलाच्या कातड्यातला आणि पाणबुड्याचं शिरस्त्राण घातलेला परग्रहवासी राहतो, तिथेच 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स'चे (१९५६) नायक-नायिका लपतात, आणि दूरदर्शन मालिकेतल्या बॅटमॅनची गाडीही तिथूनच बाहेर पडते. याउलट एखादी जागा एकाच चित्रपटाची होऊन जाते. कॅन्ससमध्ये शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट काढणाऱ्या हर्क हार्व्हीला प्रवासात सॉल्ट लेकच्या काठी साल्टेअर हा ओसाड पडलेला करमणूक-मंडप दिसला. त्यावरून त्याने रजा काढून, तुटपुंज्या पैशांत 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२) केला आणि त्यातला पांढऱ्या चेहऱ्याचा प्रेतासारखा माणूसही स्वतःच उभा केला. तो मंडप चौकटीच्या कोपऱ्यात दिसला तरी पुरे.

इतकं वाचूनही माणूस फसतो, आणि त्याला फसवणाऱ्यांत पहिला नंबर रॉजर कॉर्मनचा. 'हाउस ऑफ अशर'साठी (१९६०) चित्रित केलेल्या जळत्या तुळया त्याने पो यांच्या कथांवरच्या आपल्या पुढच्या चित्रपटांत पुन्हा वापरल्या. 'द रेव्हन'चे सेट मोडायच्या आत त्यांच्यावर 'द टेरर' (१९६३) काढला. बोरिस कार्लोफकडून काही दिवसांचं काम येणं होतं, म्हणून त्याने पीटर बोग्दानोविचला सांगितलं की कार्लोफ घे, 'द टेरर'चे तुकडे घे आणि तुझा चित्रपट कर. त्यातून 'टार्गेट्स' (१९६८) निघाला. आता जळत्या तुळयांची चौकट समोर आली तर उत्तर काय द्यायचं? जे जे नाव बरोबर ठरेल ते ते. मारिओ बाव्हाच्या १९७१च्या एका चित्रपटाने तर वेगळाच घोळ घातला. तो 'अ बे ऑफ ब्लड', 'ट्विच ऑफ द डेथ नर्व्ह', 'कार्नेज' अशा कितीतरी नावांनी दाखवला गेला. दोघं जण वेगवेगळी नावं घेऊन हातघाईवर येतात, आणि दोघांचंही बरोबर असतं. शिवाय त्यातले खून 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या दुसऱ्या भागाने इतके जसेच्या तसे उचलले की चौकट त्या चित्रपटाची वाटण्याचीही शक्यता असते.

म्हणूनच सोबत लागते. कोणाला मोटारी कळतात, कोणाला फर्निचर, कोणाला जपानी पाट्या. जो भयपटांत तरबेज आहे त्याला नटीच्या केशरचनेवरून साल सांगता येत नाही. ज्याला ते येतं त्याने भयपट पाहिलेले नसतात. या वाटून घेतलेल्या शहाणपणाचा गंभीर उपयोग अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने केला. व्हर्जिनियातल्या कल्पेपर इथे, शीतयुद्धाच्या काळात नोटा साठवण्यासाठी बांधलेल्या बंकरमध्ये, आता या ग्रंथालयाचा चित्रपटसंग्रह आहे. २०१२मध्ये तिथे 'मोस्टली लॉस्ट' नावाची कार्यशाळा सुरू झाली. नाव-गाव नसलेल्या मूकपटांचे तुकडे पडद्यावर दाखवायचे, सोबत पियानो वाजत राहणार, आणि जमलेल्या अभ्यासकांनी-चाहत्यांनी दिसेल ते ओरडून सांगायचं: ही गाडी अमुक सालाआधीची नाही, हा नट अमुक कंपनीत होता, ती खिडकीतली पाटी वाचा. थिएटरात एरवी ज्याला बाहेर काढतील, त्याचं तिथे स्वागत होतं. अमेरिकेतल्या पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात अखंड उरलेले सुमारे १४ टक्केच आहेत, हे लक्षात घेतलं की त्या आरडाओरड्याची किंमत कळते.

मराठी वाचकाला यासाठी कल्पेपरला जायची गरज नाही. पुण्यात हे काम १९६४पासून चालू आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची उभारणी करणारे पी. के. नायर यांना एखादा प्रसंग सांगितला की तो कोणत्या चित्रपटाच्या कितव्या रिळात आहे हे ते सांगत. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या 'सेल्युलॉइड मॅन' (२०१२) या माहितीपटात ते पाहायला मिळतं. फाळक्यांच्या चित्रपटांची उरलेली रिळं त्यांनी शोधून जपली म्हणून आज आपल्याला 'कालिया मर्दन'मधली (१९१९) छोटी मंदाकिनी फाळके कृष्णाच्या रूपात दिसते. 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळं उरली आहेत ती १९१३च्या मूळ चित्रपटाची नसून फाळक्यांनी १९१७मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, असं मत काही अभ्यासकांनी मांडलं आहे. भारतीय चित्रपटाच्या पहिल्याच पानावर हा प्रश्न उभा आहे: ही चौकट नक्की कोणत्या चित्रपटाची?

भारतीय कल्ट चित्रपटांचा या खेळात स्वतःचा स्वभाव आहे. रामसे बंधूंची चौकट धुरावरून आणि निळ्या-तांबड्या प्रकाशावरून कळते. १९७२च्या 'दो गज जमीन के नीचे'साठी त्यांनी मोजकी मंडळी घेऊन महाबळेश्वर गाठलं. भाऊच दिग्दर्शक, भाऊच छायालेखक, भाऊच ध्वनी सांभाळणारा. घरच्या घरी घडलेली ती नजर 'पुराना मंदिर' (१९८४) आणि 'वीराना'पर्यंत (१९८८) टिकली. नाव सांगणं मात्र कठीण, कारण एका हवेलीची चौकट दुसऱ्या हवेलीत सहज खपून जाते. कांती शाह यांच्या 'गुंडा'ची (१९९८) अडचण वेगळी. त्याच्या भक्तांना तो कानाने पाठ आहे. यमक जुळवून बोलणारे खलनायक त्यांना झोपेतही ऐकू येतात. स्थिरचित्रात आवाज नसतो, त्यामुळे पट्टीचे भक्तही 'गुंडा'च्या चौकटीपाशी अडखळतात.

कमल स्वरूप यांच्या 'ओम दर-ब-दर'चं नशीब 'एल तोपो'च्या जवळ जाणारं. १९८८चा हा चित्रपट, अजमेर-पुष्करच्या परिसरात घडणारा, बेडूक आणि हिरे यांची जोडी जमवणारा, रीतसर थिएटरात लागला तो थेट जानेवारी २०१४मध्ये. मधली पंचवीस वर्षं तो व्हिडिओ प्रतींतून हातोहात फिरला, फिल्म इन्स्टिट्यूटच्या पोरांच्या तोंडी राहिला. 'घाशीराम कोतवाल'चं मराठीत नाटक म्हणून नाव घराघरांत आहे, पण युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हच्या तरुणांनी केलेला चित्रपट (१९७६) पाहिलेले थोडेच. त्याची चौकट समोर ठेवली तर बहुतेक जण नाटकाचाच फोटो समजतील. त्यातला तरुण ओम पुरी, पहिल्याच चित्रपटातला, ओळखणारा जिंकेल.

आता या खेळावर आलेलं नवं संकट. चित्र टाकलं की नाव सांगणारी यंत्रं कधीचीच आली आहेत. त्यांच्यावर उपाय म्हणून काही जण चित्र आरशातल्यासारखं उलटवतात, पण खरा उपाय खेळणाऱ्याची इभ्रत हाच. यंत्राला विचारून सांगितलेलं नाव दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं: 'कशावरून?' याहून मोठी गोष्ट २०२२च्या अखेरीस घडली. होदोरोव्स्कीने १९७६मध्ये केलेल्या 'ट्रॉन'ची म्हणून काही विलक्षण सुंदर चित्रं फिरू लागली. असा चित्रपट कधीच झालेला नाही. ती कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली होती. होदोरोव्स्कीच्या न झालेल्या 'ड्यून'वर माहितीपट करणारे फ्रँक पॅव्हिच यांनी त्यांवर न्यूयॉर्क टाइम्समध्ये सविस्तर लिहिलं. 'लंडन आफ्टर मिडनाइट'ची चित्रं उरली आणि चित्रपट गेला. इथे चित्रं आली आणि चित्रपट नव्हताच. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर डोळ्याला कदाचित सारखीच खरी वाटतील. फरक सांगायला बाहेरचा पुरावा लागतो: त्या काळातली जाहिरात, सेटवरच्या कोणाची आठवण, प्रत पाहिलेला माणूस. 'कशावरून?' हा प्रश्न आजवर खेळात रंगत आणण्यासाठी विचारला जायचा. यापुढे तो विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून हे पुस्तक कसं खेळावं याच्या चार सूचना. एकट्याने खेळू नका. निदान दोघं हवेत, आणि त्यांची आवड एकसारखी नसेल तर उत्तम. नाव घेण्याआधी कारण सांगा. कारण सांगून चुकलेल्याला अर्धा गुण द्या, कारणाशिवाय बरोबर आलेल्यालाही अर्धाच. एका चित्रपटाची अनेक नावं असतील तर कोणतंही मान्य करा. भांडण नावावर नको, चौकटीवर होऊ दे. जो ओळखेल त्याने पुढची चौकट आपल्या पदरची द्यायची, म्हणजे पानं संपली तरी खेळ संपणार नाही. आणि जो चुकेल त्याला एक दंड: ज्या चित्रपटाचं नाव त्याने चुकून घेतलं तो बाकीच्यांनी पाहिलेला नसेल, तर पुढच्या बैठकीत त्यानेच तो सगळ्यांना दाखवायचा.